खडशी, म्हणजे दख्खनचा महाशीर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नदीकाठच्या गावांतून, शाळांतून, मत्स्यशेती करणाऱ्यांकडून आणि गळ टाकून बसणाऱ्या हौशी मंडळींकडून या माशाबद्दल तेच ते प्रश्न येत असतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते दोन गोष्टींवर: हा नेमका कोणता मासा, आणि तो मूळचा कुठला? त्यामुळे त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

खडशी म्हणजे कोणता मासा?

सह्याद्रीतून पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांमधला, मोठ्या खवल्यांचा, गोड्या पाण्यातला मासा. कुठे त्याला खडशी म्हणतात, कुठे खडस, कुठे नुसतं महाशीर. शास्त्रीय नाव टॉर खुद्री. पुस्तकांत दख्खनचा महाशीर किंवा निळ्या परांचा महाशीर असं लिहिलेलं दिसेल. मासा एकच.

एक खबरदारी मात्र घ्या. गावोगावची नावं सरमिसळ झालेली असतात. एका गावात ज्याला खडस म्हणतात, त्याला चार कोसांवर दुसरंच नाव असतं आणि खडस हे नाव भलत्याच माशाला चिकटलेलं असतं. नावावर विसंबू नका, मासा हातात घेऊन पाहा. कसा पाहायचा ते पुढे सांगितलं आहे.

शास्त्रीय वर्गीकरणात तो कुठे बसतो?

गण सायप्रिनिफॉर्मिस, कुळ सायप्रिनिडी, प्रजाती टॉर, जाती खुद्री. रोहू, कटला, मृगळ हेही याच कुळातले, म्हणजे खडशीचे लांबचे भाऊबंद. टॉर ही प्रजाती 1834 मध्ये ग्रे या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने वेगळी काढली.

या कुळातल्या माशांच्या जबड्यात दात नसतात. म्हणून खडशीच्या तोंडात बोट घातलं तर काही टोचत नाही. दात असतात ते घशात, तीन ओळींत, आणि ते चांगले भक्कम असतात. नदीतले गोगलगायीसारखे शंखवाले जीव आणि खेकडे तो तिथे दळतो. दुसरी गोष्ट गुणसूत्रांची. रोहूच्या पेशीत 50 गुणसूत्रं, महाशीरच्या पेशीत 100. कधीकाळी या माशांच्या पूर्वजांमध्ये गुणसूत्रांचा अख्खा संच दुप्पट झाला आणि तो तसाच टिकला.

‘खुद्री’ हे नाव आलं कुठून?

मराठीतून. हे मला मुद्दाम ठासून सांगायचं आहे, कारण आपल्याकडे लॅटिन नाव दिसलं की ते परकं समजून पुढे जायची सवय आहे.

विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी. खडकीच्या लढाईत तो इंग्रजांच्या बाजूने होता. 1824 मध्ये मुंबई सरकारने त्याला आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर नेमलं आणि त्या निमित्ताने तो दख्खनभर फिरला. पिकं, पर्जन्यमान, पक्षी, प्राणी, मासे, जे दिसेल ते टिपत गेला. माशांवरचं त्याचं लेखन लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीसमोर आलं आणि 1839 मध्ये छापून झालं. त्यात चाळीसच्या वर माशांची वर्णनं आहेत. बऱ्याच माशांची नावं त्याने स्वतःच्या डोक्याने ठेवली नाहीत. मासे धरणाऱ्यांनी जे सांगितलं तेच लॅटिन साच्यात बसवलं. आपली शिंगटी म्हणून मिस्टस सिंगटी झाली, आळकुटी म्हणून अलकूटी आली, कोळस म्हणून कोलस आला. आणि खडशीच्या कुठल्याशा बोलीतल्या उच्चारावरून खुद्री झाला. साइक्सने त्याला बार्बस खुद्री म्हटलं होतं, कारण तेव्हा मिशा असलेले असे सगळेच मासे बार्बस नावाच्या एका मोठ्या पोत्यात भरले जात.

ती नावं कुणी सांगितली त्या माणसांची नोंद नाही. भीमेच्या आणि मुठेच्या काठावरचे भोई, कोळी असतील. जगभरचे अभ्यासक आजही त्यांचेच शब्द वापरतात.

या माशाचं प्रकार-स्थळ पुण्यात आहे असं म्हणतात. म्हणजे काय?

एखाद्या जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन ज्या ठिकाणच्या नमुन्यांवरून झालं, ते तिचं प्रकार-स्थळ. पुढे वाद झाला की ‘तुम्ही ज्याला खुद्री म्हणता तो खरंच खुद्री आहे का’ हे ताडून बघायला त्या जागच्या माशाशी तुलना करावी लागते. साइक्सने लिहिलं आहे: मुळा-मुठा नदी, पुण्याच्या पूर्वेला आठ मैल. आठ मैल म्हणजे सुमारे 13 किलोमीटर. त्याने मोजणी नेमकी कुठून केली यावर थोडंफार इकडेतिकडे होईल, पण आजच्या मांजरीच्या बाजूचाच हा पट्टा.

मांजरीच्या पुलावर उभं राहून खाली एकदा बघून या. पुण्याचं सांडपाणी घेऊन नदी तिथून पुढे जाते. पाण्यावर फेस, जलपर्णीचा हिरवा गालिचा, आणि पूल ओलांडताना लोक नाकाला रुमाल लावतात. ज्या पाण्यातल्या माशावरून जगाने दख्खनचा महाशीर ओळखला, तिथे त्या माशाला आज श्वास घेता येणार नाही.

महाशीर एकच नाही का? किती प्रकार आहेत?

नाही, एक नाही. ‘महाशीर’ हे अख्ख्या गटाचं नाव आहे. टॉर प्रजातीत 2019 मध्ये झालेल्या एका मोठ्या आढाव्यात 16 जाती वैध धरल्या गेल्या, आणि त्या पाकिस्तानपासून इंडोनेशियापर्यंत पसरलेल्या आहेत. आपल्या कामापुरते एवढे लक्षात ठेवा.

हिमालयातून उतरणाऱ्या नद्यांतला सोनेरी महाशीर म्हणजे टॉर पुटिटोरा. लांबुळक्या डोक्याचा, अंग लांबट. उत्तराखंड, हिमाचल आणि अरुणाचलचा हा राज्यमासा. टॉर टॉर हा आखूड डोक्याचा, अंगाने जाड. त्याचं नर्मदेतलं अस्तित्व प्रसिद्ध आहे आणि मध्य प्रदेशाने त्याला राज्यमासा केलं आहे. नर्मदा नंदुरबारच्या उत्तर सीमेवरून जाते, त्यामुळे महाराष्ट्राचा त्याच्याशी थोडा का होईना संबंध येतो. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या पश्चिमवाहिनी नद्यांत टॉर मलबारिकस. कावेरीच्या खोऱ्यात पाठीला कुबड असलेला, नारिंगी परांचा टॉर रेमादेवी. आणि कृष्णेच्या खोऱ्यात आपला खुद्री.

ईशान्येकडचा चॉकलेट महाशीर नावाने महाशीर असला तरी प्रजातीने वेगळा आहे, निओलिसोकायलस. त्याला यात धरू नका.

नाशिकजवळच्या देवळालीहून 1992 मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ मेनन यांनी टॉर कुलकर्णी नावाची एक ठेंगणी जात वर्णन केली. नाव दिलं ते डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्यावरून. त्यांच्याबद्दल पुढे येईलच. ही खरोखर निराळी जात की खुद्रीचंच एक रूप, यावर अभ्यासकांत एकमत नाही. गोदावरीच्या वरच्या अंगाला जे कुणी मासे अभ्यासत असतील, त्यांनी हा प्रश्न हाती घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

खडशी ओळखायची कशी?

खवलं मोजा. रंग बघू नका.

मासा आडवा धरा, डोकं डावीकडे. कल्ल्याच्या मागून शेपटीपर्यंत बारीक छिद्रांची एक ओळ गेलेली दिसेल, ती पार्श्वरेषा. त्या ओळीतली खवलं काडीच्या टोकाने एकेक मोजत जा. खडशीत ती पंचवीसच्या आसपास भरतात, दोन-तीन इकडे किंवा तिकडे. रोहूत तीच चाळीसच्या आसपास जातात, कोळसमध्येही तसंच. म्हणजे सारख्याच लांबीच्या माशावर खडशीचं एकेक खवलं जवळपास दीडपट रुंद. मध्यम आकाराच्या माशाचं एक खवलं सांडलेलं मिळालं तर ते तळहातावर ठेवून उजेडाकडे धरा, झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतील. त्यावरून वयाचा अंदाज बांधतात.

मग मिशा बघा. दोन जोड्या: एक वरच्या ओठाच्या टोकाशी, दुसरी तोंडाच्या कोपऱ्यात. मग पाठीवरचा पर. त्याचा पुढचा काटा जाड आणि गुळगुळीत असतो, करवतीसारखे दाते नसतात. ओठ मांसल.

आता ज्यावर सगळे फसतात ते. ओठ एकाच जातीत, एकाच डोहात, एका माशाचे जाड आणि दुसऱ्याचे पातळ असू शकतात. काहींचा खालचा ओठ तर लोंबता असतो. पूर्वी केवळ ओठांवरून निराळ्या जाती ठरवल्या गेल्या आणि त्यातून नावांचा गुंता झाला. परांचा निळेपणाही पाण्यावर, वयावर, ऋतूवर बदलतो. गढूळ जलाशयातली खडशी फिकट राखाडी दिसते, तीच स्वच्छ ओढ्यात निळसर-चंदेरी. फोटो पाठवून ‘ही खडशीच ना?’ असं विचारणारे बरेच असतात. त्यांना विनंती: पूर्ण मासा कडेने दिसेल असा एक फोटो, आणि तोंडाचा एक जवळून. हातात उंच धरून, माणूस हसतोय आणि मासा वाकडा झालाय, अशा फोटोवरून काही सांगता येत नाही.

मसुल्ला आणि खुद्री यांचा घोळ काय आहे?

साइक्सने त्याच लेखनात बार्बस मसुल्ला नावाचा आणखी एक मासा वर्णन केला होता, शिरूरजवळच्या घोडनदीतला. वर्णन त्रोटक. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सिस डे या इंग्रज मत्स्यशास्त्रज्ञाने बऱ्याचशा महाशीरांना एकाच नावाखाली आणलं. भारतीय मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1940 च्या दशकात दख्खनच्या महाशीरांवर खास लेख लिहून ते पुन्हा सोडवायला घेतले. पण मसुल्ला हे नाव कावेरीतल्या कुबडवाल्या राक्षसी महाशीरला जाऊन चिकटलं, आणि नंतरच्या याद्यांत तेच वर्षानुवर्षं चालत राहिलं.

वस्तुतः घोडनदीचा मसुल्ला महाशीरच नाही. तो आता हिप्सेलोबार्बस प्रजातीत, म्हणजे कोळसच्या गोतावळ्यात धरला जातो. मग कावेरीचा कुबडवाला कोण? त्याला स्वतःचं नावच नव्हतं. 1946 मध्ये कावेरीला मिळणाऱ्या कबिनी नदीत गळाला लागलेला 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा मासा जगभर गाजला, इंग्रज शिकाऱ्यांनी त्याच्यावर पानंच्या पानं लिहिली, आणि शास्त्रात त्याची नीट ओळख पटली ती थेट 2018 मध्ये. केरळातल्या पांबार नदीतून आधीच वर्णन झालेल्या टॉर रेमादेवीशी तो जुळला. तोपर्यंत तो अतिसंकटग्रस्त होऊन बसला होता. ज्या माशाला नाव नाही, त्याची यादीत नोंद होत नाही. नोंद नाही म्हणून संरक्षण नाही. वर्गीकरण म्हणजे निव्वळ लॅटिन नावांची कसरत असं ज्यांना वाटतं त्यांनी हे उदाहरण बघावं.

खुद्रीचा मूळ टापू कोणता?

आजच्या समजुतीप्रमाणे मुख्यतः कृष्णेचं खोरं. कृष्णा, कोयना, भीमा आणि तिच्या उपनद्या, दक्षिणेला तुंगा-भद्रा. मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि भीमा रायचूरच्या बाजूला कृष्णेला, म्हणजे साइक्सचा मासाही कृष्णेच्याच कुटुंबातला. गोदावरीच्या खोऱ्यातूनही त्याच्या नोंदी आहेत.

पण नद्यांची नावं घेऊन भागत नाही. तो नदीभर पसरलेला नसतो. त्याला हवं असतं घाटाच्या पायथ्याचं थंड, धावतं, प्राणवायूने भरलेलं पाणी, तळाला गोटे आणि खडी, आणि उन्हाळ्यात आसऱ्याला खोल डोह. सोलापूर-विजयपूरच्या सपाटीवर भीमा संथ आणि गढूळ होते, तिथे तो विरळाच. म्हणजे नकाशावर हिरवा रंग भरलेला टापू मोठा दिसतो, प्रत्यक्षात वस्ती ही घाटमाथ्यालगतच्या अरुंद पट्ट्यातली, आणि तीही धरणांनी तुकडे तुकडे केलेली.

जुन्या पुस्तकांत श्रीलंकाही त्याच्या टापूत दिसेल. तिथला महाशीर आता बरेच अभ्यासक वेगळी जात धरतात.

कोकणातल्या नद्यांत खडशी आहे का?

आहे, आणि महाराष्ट्रातली सर्वांत देखणी खडशी मला तिथेच दिसली आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड म्हणून जागा आहे. खडकात कोरलेला खोल कोंड, काठावर देवी वरदायिनी, वरून झुलता पूल. कोंडातले मासे देवीचे. ते कुणी मारत नाही. मूठभर चुरमुरे टाकले की आधी बोटाएवढी पिलं येतात, मग वीतभर, मग हातभर. गावातली जाणती माणसं सांगतात की मासे मानाप्रमाणे वर येतात आणि सगळ्यांत शेवटी येतो तो नाकात सोन्याची नथ घातलेला मासा. नथ मी पाहिली नाही. पण चुरमुरे संपल्यावर कोंडाच्या काळ्या पाण्यात खालून एक रुंद पाठ हळूच वळली, खवलांवर क्षणभर ऊन पडलं, आणि पुलावरची पोरंटोरं एकदम गप्प झाली, ते मी पाहिलं आहे.

वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसेश्वराच्या देवळाजवळही असेच राखलेले मासे आहेत. कर्नाटकात तुंगेवर शृंगेरीला, तीर्थहळ्ळीला आणि कपिला नदीवर शिशिलाला हीच परंपरा. इंद्रायणीकाठी देहूच्या डोहातले मासेही पिढ्यान् पिढ्या लोकांनी राखले. सरकारी अभयारण्य ही कल्पना येण्याच्या कितीतरी आधी लोकांनी डोह बाजूला काढून ठेवले होते. मोठी, अंडी घालणारी मादी जिवंत राहते ती अशाच जागी.

भाविकांनी माशांना काय खायला घालावं?

शक्यतो काही नाही. घालायचंच असेल तर मूठभर चुरमुरे किंवा फुटाणे. ब्रेड, बिस्किटं, फरसाण, प्लास्टिकच्या पिशवीसकट टाकलेला प्रसाद यांनी साचलेलं पाणी उन्हाळ्यात सडतं, आणि एप्रिल-मेमध्ये डोहाचं पाणी वाहतं नसतं.

लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्राचं काय काम आहे?

टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाच्या तलावांत खडशी होती. लोणावळ्याच्या वळवण तलावाजवळ 1970 च्या सुमारास तिचं कृत्रिम प्रजनन यशस्वी झालं. त्यामागे महाराष्ट्राचे माजी मत्स्यव्यवसाय संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी होते. पावसाळ्यात पिकलेली मादी धरायची, ओल्या फडक्यात तिचं पोट हलक्या हाताने दाबून अंडी भांड्यात काढायची, त्यावर नराचं वीर्य सोडून पिसाने ढवळायचं. मादीला सोडून द्यायचं. सांगायला सोपं आहे. पण अंडी पिकली आहेत की नाही हे बोटांना कळावं लागतं. घाई झाली तर अंडी वाया आणि मादीही जायबंदी.

तिथे वाढवलेली लाखो बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिलं, देशभर गेली. खुद्री आज नामशेष होण्याच्या काठावर नाही याचं बरंच श्रेय या कामाला आहे. त्यातूनच पुढचा प्रश्नही उभा राहिला.

खुद्री कावेरीत सोडला तर बिघडलं काय? मासाच तर आहे.

लोणावळ्याची बोटुकली 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगलाच होता: महाशीर कमी होतोय, तर महाशीर सोडू. पण तिथला महाशीर वेगळा होता, आणि तेव्हा ते कुणाला नीट माहीत नव्हतं. कावेरीवर गळाने मासे धरून परत सोडण्याची शिबिरं चालत, त्यांच्या नोंदवह्या होत्या. 1998 ते 2012 च्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या. निळ्या परांचे मासे वाढत गेलेले दिसले आणि कुबडवाला महाशीर घटत घटत जवळजवळ दिसेनासा झालेला.

त्यात फक्त खुद्रीचा दोष नाही. वाळूउपसा, धरणं, सुरुंग लावून मासेमारी हेही आहेच. पण एका नदीचा मासा दुसरीत टाकला की अन्नाची आणि डोहांची वाटणी बदलते, संकराची भीती राहते, आणि एकदा सोडलेला मासा परत गोळा करता येत नाही.

मग आमच्या गावच्या तळ्यात किंवा नदीत खडशीची बोटुकली सोडू का?

शेततळ्यात, बंदिस्त, खाण्यासाठी वाढवायची असेल तर तो तुमच्या हिशेबाचा भाग. वाढ रोहू-कटल्यापेक्षा धिमी आहे एवढं लक्षात घ्या.

नदीत सोडायची असेल तर आधी तीन गोष्टी बघा. नदी कृष्णेच्या खोऱ्यातली आहे का? बोटुकली त्याच खोऱ्यातल्या माद्यांची आहेत का? आणि तिथे आधीपासून खडशी असेल तर ती कशामुळे कमी झाली? कारण तसंच राहिलं असेल तर सोडलेली पिलंही त्याच वाटेने जातील. कोकणातल्या नद्यांत घाटावरची पिलं सोडण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. तिथल्या खडशीचा आनुवंशिक अभ्यास पुरता होईपर्यंत तिला तिच्या कोंडात सुखाने राहू द्या. पुण्याईसाठी बाजारातून विकत घेतलेले मासे नदीत सोडण्याबद्दलही हेच.

‘चिंता नसलेली’ जात असं तिचं वर्गीकरण झालं म्हणे. मग एवढी काळजी कशाला?

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत, म्हणजे कोणती जात किती धोक्यात आहे हे सांगणाऱ्या यादीत, खुद्री आधी संकटग्रस्त होता. 2018 च्या मूल्यांकनात तो सर्वांत कमी चिंतेच्या वर्गात गेला. बातमी आली, अभिनंदन झालं. पण हा शेरा अख्ख्या जातीबद्दल असतो, तुमच्या नदीबद्दल नसतो. जात म्हणून खुद्री ठिकठिकाणच्या जलाशयांत आहे, त्यातल्या कित्येक जागी माणसाने नेऊन सोडलेला आहे. म्हणून ती जगातून लगेच पुसली जाणार नाही. मुळा-मुठेतल्या, जिथून तिला नाव मिळालं त्या पाण्यातल्या खडशीसाठी त्या शेऱ्याचा काही उपयोग नाही.

अंडी कधी आणि कुठे घालते?

पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर. नदीला पूर येऊन पाणी जरा निवळायला लागलं की मासे वरच्या अंगाला, ओढ्यांच्या तोंडाकडे चढतात. मादी सगळी अंडी एकदम घालत नाही, काही दिवसांच्या अंतराने थोडी थोडी घालते. अंडी पिवळसर सोनेरी, ज्वारीच्या लहान दाण्याएवढी, आणि जड. रोहूची अंडी प्रवाहाबरोबर वाहत जातात, खडशीची तळाला बसतात, गोट्यांच्या फटीत. तीन दिवसांच्या आसपास पिलं बाहेर येतात, पोटाला बलकाची मोठी पिशवी घेऊन. पुढचे काही दिवस ती धड पोहत नाहीत. उजेड टाळून, डोकी एकमेकांत खुपसून कोपऱ्यात घोळक्याने पडून राहतात.

आता विचार करा, याच दिवसांत पोकलेनने पात्रातली वाळू-खडी उपसली, किंवा वरच्या धरणातून एकदम पाणी सोडलं, तर काय होत असेल. आणि बंधारा आडवा असेल तर मादी मुळात वर पोहोचतच नाही. शिवाय रोहूच्या मानाने खडशीची अंडी कमी असतात, म्हणून एक हंगाम वाया गेला तर भरून यायला वेळ लागतो.

खाते काय?

जवळपास सगळं. शेवाळ, पाण्यातले किडे, शंख, खेकडे, बारके मासे, आणि काठावरच्या झाडांची पडलेली फळं. काठावर उंबर असेल तर पिकलेलं उंबर पाण्यात ‘टप्’ करून पडायचा अवकाश, खालून मासा आलाच. नदीकाठची झाडं तोडली तर माशाचं ताटही जातं.

रोहू, कटला, मृगळ हे तरी आपल्या नद्यांचे मूळ मासे आहेत ना?

भीमा-कृष्णेचे नाहीत. ते गंगेच्या खोऱ्यातले, मत्स्यशेतीसाठी आणून जलाशयांत सोडलेले. उजनीत भरमसाट मिळणारी चिलापी आफ्रिकेची. सायप्रिनस म्हणतात तोही बाहेरचा. बाजारात दिसतो म्हणून मासा इथला होत नाही. आपले म्हणाल तर खडशी, कोळस, शिंगटी, आणि बाजारात ज्यांना भाव मिळत नाही असे कितीतरी छोटे मासे.

खडशी महाराष्ट्राचा राज्यमासा आहे का?

नाही. 2023 मध्ये चंदेरी पापलेटला तो मान मिळाला. तो समुद्रातला. नदीच्या माशाला असा मान अजून मिळालेला नाही.

पकडली तर चालते का?

हे पाण्याचा ठेका कुणाकडे, तिथले नियम काय, यावर आहे. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्या. सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणं मात्र 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे. असा प्रकार दिसला तर पोलिसांना कळवा. एका सुरुंगाने डोहातले मोठे मासे, पिलं, किडे सगळं एकदम संपतं, आणि मेलेले बरेचसे मासे तर तळालाच राहतात, मारणाऱ्याच्याही हाती लागत नाहीत.

जुलै ते सप्टेंबर गाभण मादी जाळ्यात आली तर सोडून द्या. बोटांनी हलकं दाबल्यावर पोट मऊ लागत असेल तर ती गाभण आहे. हात आधी पाण्यात ओले करून घ्या, कोरड्या हाताने तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. कल्ल्यात बोट घालू नका. प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरा, ती स्वतःहून सुटून जाईपर्यंत.

आम्हाला खडशी दिसली. नोंद कशी ठेवावी?

तारीख, नदी, गाव, आणि शक्य असल्यास पुलाचं किंवा घाटाचं नाव. माशाची लांबी, पार्श्वरेषेवरच्या खवलांची मोजणी, कडेने एक फोटो. पाणी वाहतं होतं की डोह, तळाला काय होतं. गावात या माशाला काय म्हणतात, हे तर नक्कीच लिहा, आणि ज्याने सांगितलं त्याला विचारून त्याचंही नाव लिहा. साइक्सच्या वहीत नेमकं तेवढंच राहून गेलं होतं.